अंबडचे भाऊ, पुर्वाकार्तात ‘मिस्टर’!

नाशिकच्या अंबडमधल्या एक्स्लो पॉइंटच्या टपरीवर एखाद्यानं “ट्रान्स्फर झाली, इंडोनेशिया!” असं जाहीर केलं की कटिंग खाली ठेवून सगळे एकदम ओरडतात, “बाली!” थांबा, थांबा. बाली हनिमूनवाल्यांना. शिफ्टवाल्यांच्या वाट्याला येतं पुर्वाकार्ता!

माहीत आहे का हे पुर्वाकार्ता कुठं आहे? पश्चिम जावात, जकार्तापासून साधारण शंभर किलोमीटरवर. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 10 लाख. ना समुद्रकिनारा, ना सर्फिंग. इथं आहे धागा! इंडोरामाची सूतगिरणी 1976 मध्ये इथंच सुरू झाली, कोलकात्याच्या लोहिया कुटुंबाची. आदित्य बिर्ला समूहाची इंडो-भारत रेयॉनही इथलीच. थोडक्यात, चिमण्या, कंपनीच्या बस आणि शिफ्ट सुटली की दुचाक्यांचा महापूर. भाऊ, तुम्ही अंबड सोडलंच नाहीत!

गर्दीचा वर्ल्ड कप

आपल्याला वाटतं, गर्दीत आपला हात कोण धरणार? माहीत आहे का, जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि तिथं राहतात सुमारे 15 कोटी लोक! महाराष्ट्राहून जास्त. त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवारी रांगेत उभं राहायची सवय असेल तर ट्रेनिंग पूर्ण झालंय असं समजा.

दिलासा एवढाच की गाड्या डाव्या बाजूनंच चालतात. स्टिअरिंगही आपल्यासारखंच उजवीकडं.

पहिल्याच दिवशी लखपती, दुसऱ्या दिवशी भिकारी

एका भारतीय रुपयाला मिळतात पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान इंडोनेशियन रुपिया. साडेपाच हजार रुपये बदलून घेतले की खिशात दहा लाख! फोटो काढून सासरी पाठवायला हरकत नाही. मग जेवणाचं बिल येतं, दीड लाखाचं, आणि सगळी ऐट उतरते. इथली सगळ्यात मोठी नोट एक लाखाची. तिची किंमत आपल्या पाचशेच्या नोटेला जेमतेम मागं टाकते.

आता खरी गंमत. भारतीय पासपोर्ट कुठं छापला जातो? आपल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्याच नाशिकरोडला नोटाही छापतात. आणि इंडोनेशियाच्या नोटा? पेरुरी नावाच्या सरकारी छापखान्यात. तो आहे कारावांगला, पुर्वाकार्ताला खेटून असलेल्या जिल्ह्यात! जगात एवढी शहरं पडली आहेत, पण आपला माणूस नोटांच्या एका छापखान्याशेजारून उठतो आणि थेट दुसऱ्या छापखान्याशेजारी जाऊन राहतो. छापखाना बदलला, पगार मात्र महिन्याच्या शेवटीच संपतो.

एचआरमध्ये नो एन्ट्री

इंडोनेशियात परदेशी माणसाला इंजिनिअर होता येतं, डायरेक्टर होता येतं. पण एचआर मॅनेजर? बिलकुल नाही! माणसं सांभाळण्याची पदं सरकारनं फक्त इंडोनेशियन नागरिकांसाठी राखून ठेवली आहेत. शिवाय एका परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं तर कंपनीला सरकारजमा करावे लागतात महिन्याला 100 डॉलर. तेव्हा साहेबांनी कामात चूक काढलीच तर मनातल्या मनात म्हणायचं, आमची नुसती हजेरीच 100 डॉलरची आहे!

फॉर्म भरतानाही करमणूक होते. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी पाहून तिथला क्लार्क चकित. कारण त्याच्या देशात एकाच शब्दाचं नाव असणारी माणसं ढिगानं. सुहार्तो तीसहून जास्त वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, नाव फक्त सुहार्तो. पुढं काही नाही, मागं काही नाही. अखेर 2022 मध्ये सरकारनं नियम काढला: नव्या नोंदणीत नाव किमान दोन शब्दांचं हवं आणि 60 अक्षरांहून लांब नको. साठ! म्हणजे दुसऱ्या टोकालाही बहाद्दर होतेच की.

स्वेटरला व्हीआरएस

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर घसरला की आपण कानटोपी शोधतो. पुर्वाकार्तात थंडी नावाचा प्रकारच नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम साडेसहा अंशांवर हे गाव. तिथं वर्षभरात दिवस लहान-मोठा होतो तो फक्त पाऊण तासानं. नाशिकला हाच फरक सव्वादोन तासांहून जास्त. जून असो की डिसेंबर, सहाच्या सुमारास सूर्य हजर आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास गायब. इतकी वक्तशीर एकही शिफ्ट अंबडमध्ये सापडणार नाही.

पाऊस मात्र उलटा. जोर ऑक्टोबर ते एप्रिल. आपले गणपती कोरडे, नाताळ चिंब! घड्याळ दीड तास पुढं, त्यामुळे आईला रात्री दहाला फोन केला तर ती नुकती स्वयंपाकघर आवरून टीव्हीसमोर बसलेली असते. सोयीचं आहे.

बादली जिंदाबाद

युरोपातून आलेले साहेब इथल्या जुन्या घरातली न्हाणी बघून हबकतात. शॉवर नाही, टब नाही. कोपऱ्यात टाइल्सचा हौद, काठावर दांड्याचा प्लास्टिकचा मग. काही जण तर हौदालाच टब समजून आत उतरतात! घरमालकीण कपाळाला हात लावते, कारण ते पाणी सगळ्या घराचं असतं. मराठी माणसाला हे ट्युशन लागत नाही. घागर, बंब, तांब्या या विषयात आपण पिढ्यान्‌पिढ्या पदवीधर.

स्वयंपाकघरात तीन किलोचा हिरवागार, गोलमटोल गॅस सिलिंडर. लोकांनी त्याचं नाव ठेवलंय ‘मेलन’, म्हणजे खरबूज! पण तो सबसिडीवाला, गरीब कुटुंबांसाठीचा. परदेशी इंजिनिअरनं त्याच्याकडं बघून फक्त हसायचं.

पाटा, वरवंटा आणि इबू

आता पोटाकडं वळू. (वळायला उशीरच झाला.)

पुर्वाकार्ताची शान म्हणजे साते मारांगी. मसाल्यात मुरवलेलं मांस काडीला लावून निखाऱ्यावर भाजायचं, सोबत टोमॅटो-मिरचीचा झणझणीत ठेचा. मांस बकऱ्याचं असतं किंवा गोमांस, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारून घ्यायचं. विचारल्याचा इथं कुणाला राग येत नाही.

शाकाहारी मंडळी, निराश होऊ नका. रस्त्याकडेच्या वारुंगमध्ये जा, म्हणजे आपल्या भाषेत टपरी अधिक खानावळ. कारेडोक, म्हणजे कच्च्या भाज्यांची कोशिंबीर, मागा आणि इबूंचे, म्हणजे वारुंगवाल्या ताईंचे, हात बघत बसा. समोर ताटाएवढा पसरट काळा दगड. त्यावर लसूण, मिरची, मीठ आणि आंबेहळदीची आठवण करून देणारा एक सुवासिक कंद. वरवंट्याचे चार फेर. मग तळलेले शेंगदाणे, ताडाच्या गुळाचा खडा, चिंचेचा कोळ. पुन्हा घर्र घर्र. चटणी लोण्यासारखी झाली की कच्ची काकडी, कोबी, चवळीच्या शेंगा, छोटी वांगी आणि तुळशीच्या जातीची पानं बचकेनं त्याच दगडावर टाकायची आणि कालवायची. चिंच, गूळ, दाण्याचा कूट! पहिल्याच घासाला वाटतं, इबूंचं माहेर सिन्नरचं असावं.

फक्त एक फितूर आहे: तेरासी. आंबवलेल्या कोळंबीची तपकिरी वडी, नखाएवढी, पण चटणीत गुपचूप शिरते. त्यामुळे पाठ करायचं पहिलं वाक्य ‘तुम्ही कसे आहात’ हे नव्हे. पहिलं वाक्य, ‘तान्पा तेरासी, बू’. तेरासी नको, ताई!

चपातीचं काय? माहीत आहे का, इंडोनेशियात गव्हाची शेती जवळपास होतच नाही. तरीही वर्षाला 14 अब्जांहून जास्त इन्स्टंट नूडल्स हा देश फस्त करतो. जगात चीनखालोखाल! सगळा गहू बाहेरून येतो आणि मुकाट नूडल होतो. पोळपाट-लाटणं बॅगेत घालाच.

आणि लासलगावकरांनो, हे वाचून उठून बसा. आपल्याकडचा मोठा कांदा इंडोनेशियात विकला जातो ‘बावांग बोंबाय’ या नावानं. बॉम्बे कांदा! पिकवायचा निफाड-चांदवडनं, लिलाव लासलगावचा, आणि नाव मुंबईचं. परदेशातही तेच, बोला!

क्वालिस आठवते का?

शिर्डी-शनिशिंगणापूर ट्रिप, दहा माणसं, एक क्वालिस आणि मागच्या सीटवर उलटी होणारा एक मावसभाऊ. ही गाडी मुळात कुठली? इंडोनेशियाची लाडकी टोयोटा किजांग! किजांग तिथं 1977 पासून धावतेय. तिचीच एक पिढी 2000 साली क्वालिस बनून आपल्याकडं आली. पुढची पिढी म्हणजे इनोव्हा, जिला इंडोनेशियात आजही किजांग इनोव्हाच म्हणतात. तयार होते कारावांगच्या कारखान्यात. तेव्हा कंपनीची गाडी विमानतळावर घ्यायला आली की दचकू नका. ती तुमच्या ओळखीचीच निघेल.

पाडव्याला सुट्टी. तीही जावात!

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा, म्हणून जरा ऐसपैस.

इंडोनेशियाच्या राष्ट्रीय सुट्ट्यांत दिवाळी नाही. पण न्येपी आहे. न्येपी म्हणजे बालीच्या हिंदूंचं शक नववर्ष. बालीत त्या दिवशी सगळं ठप्प: दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळ 24 तास बंद, 2018 पासून मोबाइल इंटरनेटसुद्धा बंद. पुर्वाकार्तात यातलं काहीच नाही, पण सुट्टी मात्र अख्ख्या देशाला.

आता कॅलेंडर काढा. 2025 मध्ये न्येपी होती 29 मार्चला, आपला गुढीपाडवा 30 मार्चला. आणि 2026 मध्ये? दोन्ही 19 मार्चला! वर्षाचा आकडाही तोच, शके 1948. कालनिर्णय तिथंही चालेल की काय असं वाटावं. दर वर्षी जुळतंच असं नाही. 2024 मध्ये जवळपास महिन्याचं अंतर पडलं होतं. पण जुळलं की गुढी उभारायला रजेचा अर्ज लागत नाही.

मुसलमान सुलतानांनाही हा शक सुटला नाही. जावाच्या सुलतान आगुंगनं 1633 मध्ये चांद्र इस्लामी पद्धतीचं कॅलेंडर आणलं. महिने बदलले, पण वर्षांची मोजणी? शकाचीच पुढं चालू ठेवली!

आणि अंबडकरांसाठी खास बोनस. पाथर्डी फाट्याजवळच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात लेकाचं वर्णन आहे शक, यवन आणि पल्हवांचा संहारक. शकांना ज्यानं धूळ चारली त्याचं कौतुक आपल्या डोंगरात कोरलेलं, आणि शकांच्या नावाचं वर्ष मोजतायत नाशिक आणि जावा दोघंही!

बोनसवरून आठवलं. ईदच्या आधी इंडोनेशियात ‘टीएचआर’ मिळतो. वर्ष भरलेल्या प्रत्येक कामगाराला अख्ख्या एका महिन्याचा पगार, सणाच्या किमान सात दिवस आधी, आणि तोही कायद्यानं. गेट मीटिंग नाही, घोषणा नाही. दिवाळीच्या तोंडावर अंबडमध्ये ही बातमी मोठ्यानं वाचू नये.

घटोत्कचाचं विमान

जगातला सगळ्यात मोठा मुस्लिमबहुल देश, आणि चौकात भीम! पुर्वाकार्तात एका जिल्हाप्रमुखाच्या काळात वायांगमधल्या, म्हणजे कठपुतळ्यांच्या महाभारतातल्या पात्रांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले. सगळ्यांना ते रुचले नाहीत. 2011 मध्ये जमावानं त्यांतले काही पाडले. पण रात्रभर चालणारा कठपुतळ्यांचा खेळ पाहायला गर्दी लोटते ती लोटतेच.

त्यातला सुपरहिरो अर्जुन नाही, कृष्णही नाही. घटोत्कच! पोलादी हाडांचा, आकाशात उडणारा. इंडोनेशियानं स्वतः बनवलेलं एन-250 हे विमान 10 ऑगस्ट 1995 ला उडालं तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं असेल? बरोब्बर, गातोत्काचा. ओझरला सुखोई बनवणाऱ्या आपल्या मंडळींना हे का सुचू नये?

आणखी एक धक्का. जावाच्या महाभारतात द्रौपदीचा नवरा एकच, युधिष्ठिर. बाकी चौघं दीर! आजीला व्हिडिओ कॉलवर हे सांगताना जपून.

बाप्पाही आहेतच. वीस हजार रुपियांच्या 1998 च्या नोटेवर गणपती होता. व्हॉट्सअ‍ॅपवर ती नोट अजून फिरते, पण खऱ्या बाजारात 2008 अखेर तिचा कारभार आटोपला. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना कळवा. त्यापेक्षा भारी माहिती घ्या: बांडुंगची नामवंत टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, जिथं पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो सिव्हिल इंजिनिअर झाले, तिच्या बोधचिन्हावर आजही गणपती आहे. पत्ता? 10, गणेश रस्ता!

पाणी आमचं, तहान त्यांची

इगतपुरीकडच्या वैतरणेचं पाणी मुंबई पिते, हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे. पुर्वाकार्ताचंही सेम टू सेम. इथलं जातिलुहूर धरण इंडोनेशियातलं सगळ्यात मोठं, 1957 ते 1967 अशी दहा वर्षं बांधत होते. जकार्ताच्या नळाचं बहुतेक पाणी इथूनच जातं. सांडवा बघण्यासारखा: गोल मनोरा, आणि वीजघर त्याच मनोऱ्याच्या पोटात!

जातिलुहूरच्याच नदीवर थोडं वर चिराता धरण. तिथं नोव्हेंबर 2023 मध्ये पाण्यावर तरंगणारा 192 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, आग्नेय आशियातला सर्वांत मोठा. पुढच्या कुंभाआधी गंगापूर धरणावर काही तरंगवायचं झालं तर आयडिया फुकट!

व्हूश… आणि गेली

ताशी 350 किलोमीटरची जकार्ता-बांडुंग हायस्पीड ट्रेन ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. नाव ‘व्हूश’. खरंच! ती पुर्वाकार्ता जिल्ह्यातून जाते, पण थांबत मात्र नाही. गावकऱ्यांच्या वाट्याला फक्त व्हूश.

त्याऐवजी पुर्वाकार्ता स्टेशनला मिळाली ट्रेनची दफनभूमी. टोकियोत आयुष्य काढलेले लोकलचे डबे जकार्तानं सेकंडहँड घेतले, तिथंही घासून वापरले आणि शेवटी इथं आणून एकावर एक रचून ठेवले, चक्क डब्याच्या डोक्यावर डबा! वर्षानुवर्षं रेल्वेवेड्यांनी त्यांचे फोटो काढले.

शिट्टीवालं भूत

प्रत्येक वळणावर इंडोमारेत नावाचं छोटं सुपरमार्केट, आणि त्याच्या शेजारी किंवा समोर हमखास त्याचा प्रतिस्पर्धी अल्फामार्त. दोघांची मिळून देशात 40 हजारांवर दुकानं.

तुम्ही स्कूटर लावता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. साबण घेऊन बाहेर येता, किल्ली फिरवता आणि पुर्र! शिट्टी. केशरी जाकीट घातलेला एक गृहस्थ जमिनीतून उगवल्यासारखा मागं उभा, रिकाम्या रस्त्यावरची नसलेली वाहतूक तुमच्यासाठी थांबवतोय. दोन हजार रुपिया द्यायचे, म्हणजे दहा-अकरा रुपये. येताना कुठं होता, हे विचारायचं नसतं.

शाहरुखचे नातेवाईक

छोट्या गावात परदेशी माणूस दिसला की पोरं ओरडतात “हेलो मिस्टर!” वहिनींनासुद्धा मिस्टरच. भारतीय आहात म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला: शाहरुख खानला ओळखता का? ‘कुछ कुछ होता है’ची पारायणं झालेली पिढी आहे ही. स्टार प्लसचं ‘महाभारत’ 2014 मध्ये तिथं डबिंग होऊन आलं आणि अर्जुन झालेला शाहीर शेख तिथलाच स्टार झाला. लग्नात वाजणारं डांगडुट संगीत तर हिंदी सिनेगीतांचं सख्खं भावंड. डांग आणि डुट हे तबला-ढोलकीचेच बोल. वरातीत नाचायला प्रॅक्टिस लागत नाही!

26, 15 आणि 17

आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला, 26 जानेवारी 1950 ला, प्रमुख पाहुणे कोण होते? इंडोनेशियाचे सुकार्नो. पंचाहत्तर वर्षांनी, 2025 मध्ये? इंडोनेशियाचेच प्रबोवो.

त्यांचा स्वातंत्र्यदिन 17 ऑगस्ट. साल 1945, म्हणजे आपल्याहून दोन वर्षं सीनियर. गल्लोगल्ली त्या दिवशी पांजात पिनांग रंगतो. उंच सुपारीचं खोड, त्याला चोपडलेलं वंगण, आणि टोकाला लटकवलेल्या सायकली, पंखे, प्रेशर कुकर. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. आपली दहीहंडी त्याच सुमारास असते, त्यामुळे अंगात संचारतंच. पण एक सल्ला. गोविंदा पथकात होतो असं तिथं चुकूनही बोलू नका. आनंदानं टाळ्या वाजवतील आणि सगळ्यात खालच्या थरात उभं करतील.